लाकडात मुरलेला निळा

(काळा पडदा. फक्त आवाज: आधी ठकठक, मग हळूहळू एकसंध घरघर.)

हा आवाज लेथवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवलेल्या ओंडक्याचा. तो अजून गोल झालेला नाही, म्हणून प्रत्येक फेऱ्यात हत्याराची धार क्षणभर लाकडावर असते आणि क्षणभर हवेत. उंचवटे झडत जातात तशी ठकठक मिटते, उरते नुसती घरघर. लाकूड गोल झालं हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

(लेथ थांबतो. उजेड. ओलसर, पांढुरक्या लाकडावरून हात फिरतो.)

मेपलचं लाकूड आहे हे. यातून बंद पोटाचं, अरुंद तोंडाचं एक भांडं कातायचं आहे आणि ते निळं रंगवायचं आहे. त्यात पाणी भरायचं नाही, काही साठवायचं नाही. ते फक्त बघण्यासाठी आहे. म्हणून बघणाऱ्याच्या नजरेतून काहीही सुटणार नाही असं धरूनच हात चालवावा लागतो.

रंग लावणं शेवटी येतं, पण त्याचा विचार लाकूड निवडतानाच करायला हवा. साग कितीही आवडता असला तरी इथे चालत नाही. तो मुळात तपकिरी, शिवाय तेलकट. त्यावर निळा मळकट दिसतो. मेपल फिकट आणि घट्ट अंगाचं. आणि या तुकड्यात आणखी एक गोष्ट आहे.

(अगदी जवळून. ओलं फडकं फिरतं, लाकडावर आडव्या लहरी उमटतात आणि विरतात.)

झाड वाढताना इथले तंतू सरळ वर गेले नाहीत, नागमोडी गेले. त्यामुळे कापलेल्या अंगावर एका पट्ट्यात तंतू आडवे निजलेले आहेत आणि लगेच पुढच्या पट्ट्यात त्यांची तोंडं वर आलेली आहेत. कोऱ्या लाकडावर हे जेमतेम दिसतं. ही तोंडं रंग कशी पितात ते पुढे येईलच.

(लेथ पुन्हा सुरू.)

भांड्याचा व्यास २०० मिलिमीटर. लेथ मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा या पोटाची कड ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने माझ्यासमोरून जात असते. ओबडधोबड ओंडक्याला हा वेग द्यायचा नसतो. निम्म्याने सुरुवात करायची, समतोल आला की वाढवायचा. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, वर सरकवलेल्या बाह्या, बांधलेले केस. हातमोजे मात्र कधीच नाहीत, कारण मोजा अडकला की बोटंही त्याच्यासोबत ओढली जातात. आणि लेथ चालू करताना ओंडक्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

या कामाला कातकाम म्हणतात, करणाऱ्याला कातारी. इजिप्तमध्ये पेटोसिरिस या पुजाऱ्याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचं एक कोरीव चित्र आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. दोरीने लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरायचं, म्हणजे कापणं व्हायचं ते अर्ध्याच वेळात. दोरीच्या जागी आता मोटर आहे. हत्यार धरणाऱ्याचं काम मला तरी फारसं बदललेलं वाटत नाही.

(पटाशीचं टोक, अगदी जवळून. वेग कमी केलेलं दृश्य.)

गोल पटाशी लावताना आधी धार टेकवायची नाही, धारेमागचा उतार टेकवायचा. लाकूड त्यावरून नुसतं घासत जातं, काहीच कापलं जात नाही. मग मूठ किंचित उचलली की धार लाकडात शिरते आणि ढलपी सुटायला लागते. ओल्या मेपलची ढलपी लांबलचक सुटते, मनगटावर पडते, आणि ती थंडगार लागते. उताराचा आधार सुटला तर धार रुतते आणि फिरतं लाकूड हत्याराला हिसका देतं. असा एक हिसका भांडं फोडायला पुरतो.

बाहेरून कातताना नेहमी लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे जायचं: बुडाकडून पोटाकडे, तोंडाकडून पोटाकडे. तसं गेलं की कापल्या जाणाऱ्या तंतूला मागच्या तंतूंचा आधार मिळतो. उलट गेलं की तो उपटला जातो. ओंडका असा बसवलेला आहे की त्याचे तंतू फिरण्याच्या आसाला आडवे येतात, त्यामुळे एका फेऱ्यात दोनदा धार तंतूंच्या अंगावरून जाते आणि दोनदा त्यांच्या तोंडावर येते. या दोन जागा मी लेथ थांबवून बोटाने तपासते. तिथे खरखर लागली तर पटाशीला नव्याने धार लावते आणि हलक्या हाताने पुन्हा काततेच. पॉलिश पेपरने निघेल म्हणून ती पुढे ढकलू नये. कोऱ्या लाकडावर ही खरखर नुसती धूसर दिसते, रंगाखाली तिचा काळा डाग होतो.

(कातलेला ढोबळ आकार. तंतूंच्या तोंडांवर मेण फासलं जातं.)

आतून ढोबळ पोकळ करून भिंत २० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या एक दशांश ठेवली. आता थांबायचं. ओल्या लाकडातलं पाणी आधी तंतूंच्या पोकळीतून जातं, तोवर आकार बदलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की तंतूंच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं. म्हणून गोल कातलेलं भांडं वाळताना लंबगोल होतं. जाड भिंत ठेवायची ती त्यातून पुन्हा गोल काढता यावा म्हणून. कागदी पिशवीत, सावलीत ठेवायचं, दर आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. यात महिने जातात. पडद्यावर त्याला एक क्षण मिळतो.

(भांड्यावर पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलेली वजनं. शेवटचे तीन आकडे सारखे.)

पुन्हा लेथवर. बाहेरचा आकार पक्का झाला, आता आतलं काम. तोंड ४० मिलिमीटरचं आणि एवढ्याशा तोंडातून अख्खं पोट कोरायचं. सरळ हत्यार खांद्याच्या आतल्या अंगाला पोचतच नाही. टोकाशी वाकवलेली हत्यारं लागतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतले डेव्हिड एल्सवर्थ अशा वाकड्या हत्यारांनी अतिशय पातळ भिंतींची बंद भांडी कातू लागले. आज अशी भांडी कातणारे आम्ही सगळे त्यांचं देणं लागतो.

आत काय चाललं आहे ते दिसत नाही. हाताला कंप कळतो, कानाला सूर. भिंत पातळ होत जाते तसा सूर बदलतो. ढलप्यांना बाहेर पडायला वाट नसते, त्या आतच साठून हत्याराभोवती आवळतात. म्हणून दर थोड्या वेळाने लेथ थांबवून त्या काढायच्या आणि कॅलिपरने भिंत मोजायची. ६ मिलिमीटरला मी थांबले. आणखी पातळ करता येतं, कौतुकही होतं. पण मला अजून हे भांडं घासायचं, रंगवायचं आणि पुन्हा घासायचं आहे. तेवढं अंग भिंतीत शिल्लक हवं.

(नाकातोंडावर धुळीचा मास्क. पॉलिश पेपरच्या घड्या ओळीने मांडलेल्या.)

१२०, १८०, २४०, ३२०, ४००. हे पेपरचे नंबर, खरखरीत ते बारीक. प्रत्येक नंबराचं काम एकच, आधीच्या नंबराचे ओरखडे घालवायचे. फिरत्या भांड्यावर घासलं की ओरखडे गोल पडतात, भांड्याभोवती. म्हणून प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून हाताने, तंतूंच्या दिशेने घासते. मग धूळ झटकून स्पिरिटच्या फडक्याने पुसते. ओल्या अंगावर राहिलेले ओरखडे उठून दिसतात आणि स्पिरिट थोड्याच वेळात उडून जातं.

माझ्या पहिल्या निळ्या भांड्याच्या वेळी मी १८० चा टप्पा गाळला होता. कोरं लाकूड हाताला रेशमासारखं लागत होतं. रंग लावला आणि पोटाभोवती गडद निळ्या बारीक रेघा उमटल्या, एकाखाली एक, वहीच्या ओळींसारख्या. पुसल्या तरी जाईनात. रंग ओरखड्यांच्या तळाशी जाऊन बसला होता. सगळं खरवडून पुन्हा १२० पासून आले. तेव्हापासून पटाशी हातात असो की पेपर, मनात एकच प्रश्न असतो: रंग इथे काय दाखवेल?

(छोट्या बाटलीत काळसर पूड. स्पिरिट ओतताच ती विरघळते.)

भिंतीला किंवा दाराला देतो त्या रंगात बारीक पूड असते. ती वर बसते आणि खालचं लाकूड झाकते. हा रंग स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळतो, तंतूंच्या आत शिरतो, आणि लाकूड त्यातून दिसत राहतं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचं औषध क्विनीन बनवायच्या खटपटीत होता, आणि हाती लागला जांभळा रंग, मॉव्हीन. कृत्रिम रंगांच्या मोठ्या कारखानदारीची ती सुरुवात. मी वापरते ते रंग पुष्कळ नंतरचे, रेणूत धातूचा अणू असलेले. जुन्या ॲनिलीन रंगांपेक्षा उजेडात ते अधिक टिकतात.

पहिला हात निळा नाही. काळा.

(फडकं फिरतं. पांढुरकं भांडं बघता बघता काळं होतं.)

इतके महिने जपलेल्या लाकडावर हा काळा फासताना अजूनही माझा हात क्षणभर अडतो. तो वाळू द्यायचा आणि ३२० ने घासून काढायचा. जिथे तंतू निजलेले होते तिथला काळा वरच्या वर निघून जातो. जिथे त्यांची तोंडं होती तिथे तो खोल उतरलेला असतो, तो राहतो. पहिल्या दिवशी ओल्या फडक्याखाली क्षणभर दिसलेल्या लहरी आता कायमच्या वर आल्या आहेत, वाऱ्याने पाण्यावर उठाव्यात तशा.

आता निळा. स्पिरिट भराभर उडतं, म्हणून फडकं थांबू द्यायचं नाही. वाळलेल्या कडेवर ओला हात चढला की जोड दिसतो. त्या दोन बाजू, जिथे तंतू तोंड करून आहेत, इतरांपेक्षा जास्त रंग ओढतात. तिथे पातळ केलेला रंग द्यायचा. पोटावर हलका निळा, खांद्याकडे आणि बुडाकडे गडद, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे नुसत्या स्पिरिटच्या फडक्याने सीमा पुसून टाकायची.

वाळल्यावर हा रंग राखट दिसतो, खडूसारखा. नवख्याला वाटतं, सगळं फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं.

(लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, पहिला फवारा. राखट निळ्यात एकदम खोली येते.)

तेल लावलं असतं तर त्याच्या पिवळेपणाने निळा हिरवटला असता. चपड्यालाही, म्हणजे लाखेच्या पॉलिशलाही, पिवळट झाक असते, शिवाय तो स्पिरिटमध्ये असतो, म्हणजे ब्रश फिरवताच खालचा रंग उठून येतो. म्हणून पाण्यासारखं स्वच्छ, पिवळं न पडणारं लॅकर, तेही फवाऱ्याने. पहिले हात धुक्यासारखे हलके. ते बसल्यावरच पुढचे भरपूर. मग चांगले १० दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर १००० आणि २००० चा पेपर पाण्यात भिजवून, आणि शेवटी मऊ कापडाचा बफ, कमी वेगावर, हलक्या दाबाने. घर्षणाने लॅकर तापलं की मऊ पडतं आणि एका जागी रेंगाळलेला बफ थेट रंगापर्यंत जातो.

(भांडं उलटं. बुडावरचा पकडीचा खुंट काढला जातो.)

लेथची शेवटची पकड सोडवायची ती इथे. भांडं उलटं करून, फोम लावलेल्या आधारावर तोंड टेकवून, बूड मधे किंचित खोलगट कातते. म्हणजे ते कडेवर बसतं, डुगडुगत नाही. या जागेला रंग देत नाही. भांडं उचलून पाहणाऱ्याला खाली मेपल मेपलच्याच रंगात भेटावं असं मला वाटतं.

(खिडकी. भांडं सावकाश फिरवलं जातं. निळ्यातल्या लहरी उजेडाबरोबर सरकतात: गडद पट्टा उजळतो, उजळ पट्टा गडद होतो.)

थेट ऊन या रंगाला सोसत नाही, काही वर्षांत तो फिका पडतो. दृश्य घेण्यापुरतंच मी ते खिडकीत आणलं आहे. कॅमेरा थांबला की ते आत जाईल, समोरच्या भिंतीपाशी, जिथे संध्याकाळी आडवा उजेड येतो.