लाली आणि पू

(दृश्य: पावसाळी शेत. निंदणाऱ्या बायांचे चिखलातले पाय.)

काळ्या मातीत निंदण सुरू झालं की विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुजलेले पाय येऊ लागतात. कुणाच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, कुणाला पऱ्हाटीचा खुंट लागलेला. चिखल्या तर घरोघरी. बोटांच्या बेचकीतली एवढीशी चीरही जंतूंना पुरते.

हा पाय बघा. पोटरी लाल, गरम, ताणून चकाकणारी. रात्री हुडहुडी भरून ताप आला, जांघेत अवधाण उठलं. हा सेल्युलायटिस, म्हणजे कातडी आणि तिच्याखालच्या थरात पसरणारी लागण, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस जंतूची. पू कुठेही साचलेला नाही, त्यामुळे दाबून-टोचून काही निघणार नाही. उलट नवी जखम होईल.

(दृश्य: मांडीवरचं गळू.)

इथे मात्र मधोमध दाबलं की आत पातळ काहीतरी हलतं. हा पू, आणि जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस. याचा खरा इलाज चीर. जागा बधिर करून पू काढायचा, आतले कप्पे मोडायचे, सलाइननं धुवायचं आणि तोंड उघडं ठेवायचं. साचलेल्या पुवात रक्तपुरवठा नसतो, म्हणून नुसत्या गोळ्या तिथवर नीट पोचत नाहीत. आठवडाभर गोळ्या खाऊनही गळू तसंच राहतं ते यामुळे. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासचं गळू मात्र घरी कधीच पिळू नये.

लालीला औषध लागतं. साध्या सेल्युलायटिसमध्ये मोठ्या माणसाला डॉक्टर बहुधा सेफॅलेक्सिन 500 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, किमान 5 दिवस देतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावं. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा. हे फुकटचं औषध फार कमी लोक घेतात. काटा-खुंट लागलेला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी.

(दृश्य: आशाताई बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढतेय, बाजूला तारीख-वेळ लिहितेय.)

ही रेघ सगळ्यांत स्वस्त तपासणी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली थोडी रेघेबाहेर गेली तरी घाबरू नये. मरणाऱ्या जंतूंमुळेही सूज वाढते. ताप आणि ठणका मात्र उतरायला हवा. 48 तासांत उतार नसेल तर परत दाखवायचं. औषध चुकलं असेल, आत पू झाला असेल किंवा रोगच दुसरा असेल. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर सेल्युलायटिसची शक्यता कमीच. आणि रात्री जमिनीवर झोपून सकाळी अचानक सूज आली असेल तर आधी दातांच्या खुणा शोधाव्यात. घोणस चावल्यावरही पाय असाच भरतो. खुणा दिसल्या नाहीत, तरी शंका असल्यास थेट दवाखाना.

बिघडतं कुठे? काट्यावर बिब्ब्याचा चटका देतात. कातडी भाजते, फोड येतो आणि जंतूंना नवं दार मिळतं. गावात कुणी ताप-सुजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचतं. एक दिवस बरं वाटतं, मधुमेह्याची साखर चढते आणि जंतू आत पसरत राहतो.

आता न थांबण्याची लक्षणं. दिसतं त्याच्या मानानं दुखणं कितीतरी जास्त. जांभळे-काळे डाग, पाण्याचे फोड, बधिर झालेली कातडी, दाबल्यावर कुरकुर. माणूस बरळतो, लाली तासातासाला सरकते. ही मांस सडवणारी लागण आहे. इथे गोळ्या पुरत नाहीत, काही तासांत शस्त्रक्रिया लागते. 108 बोलवा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या: सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला, जे जवळ पडेल ते.

पूर्व विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. त्यांना ही लागण पुन्हापुन्हा होते, दरवेळी लसिकावाहिन्या (पायात साचणारं पाणी परत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणखी बिघडतात आणि पाय आणखी जाड होतो. त्यांनी रोज साबणानं पाय धुवावा, घड्या आणि बेचक्या मऊ फडक्यानं टिपून कोरड्या कराव्यात. चिखल्यांवर क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा, 2 ते 4 आठवडे. खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी ट्यूब ठेवून दिली, तर चीर पुन्हा पडते.