बदामाचं पान आणि काळी नदी

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी फिश टँक आहे त्यांना माहीत असेल, काही माशांसाठी दुकानदार सांगतो की पाण्यात बदामाचं एक वाळकं पान टाका. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला असतं ना ते बदामाचं झाड, लाल होऊन गळणारी मोठी मोठी पानं, तेच. दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं. गढूळ नाही हं, आरपार दिसतं, फक्त रंग उतरलेला असतो. आज मी ज्या नदीबद्दल बोलणार आहे तिचं पाणी अगदी असंच आहे, फक्त तिथे पान एक नाही, अख्खं जंगल आहे.

नदीचं नाव रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी. कोलंबियात उगम पावते, ब्राझीलमधून वाहत येते आणि मनाऊस शहराजवळ अ‍ॅमेझॉनला मिळते, साधारण २,२०० किलोमीटरचा प्रवास. जगातली सगळ्यात मोठी काळ्या पाण्याची नदी हीच. वाटेतली जमीन बरीचशी वाळूची, खालचे खडक फार जुने, त्यामुळे वाहून आणायला गाळच नाही. पाऊस पडतो, कुजलेल्या पानांचा अर्क घेऊन वाळूतून झिरपतो आणि तसाच नदीत येतो. पाणी आंबट, क्षार जवळजवळ नाहीतच, म्हणून तिथे डाससुद्धा कमी.

मनाऊसपाशी समोरून येते सोलिमोइस, म्हणजे अ‍ॅमेझॉनच, संगमाच्या वरच्या भागात तिला तिथे हे नाव आहे, अँडीज पर्वताचा गाळ घेऊन, दुधाच्या चहाच्या रंगाची. ती जास्त थंड आणि जास्त वेगाची, नेग्रो कोमट आणि संथ, त्यामुळे दोघींचं पाणी लगेच मिसळतच नाही, सहाएक किलोमीटर एका बाजूला काळं आणि एका बाजूला मातकट असं शेजारी शेजारी वाहत राहतं.

पण मला विचाराल तर खरी कमाल संगमाच्या वरच्या अंगाला आहे. मनाऊसला नदीची पातळी दरवर्षी दहाएक मीटर वर-खाली होते, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. जूनच्या आसपास पाणी सगळ्यात वर असतं तेव्हा काठचं जंगल कित्येक महिने पाण्यात उभं असतं, त्याला तिथे इगापो म्हणतात. मग मासे झाडांमध्ये शिरतात! तांबाकी नावाचा मोठा मासा आहे, त्याचे दात आपल्या दाढांसारखे, तो झाडाखाली थांबून रबराच्या बिया पडल्या की फोडून खातो, आणि फळांसोबत ज्या बिया अख्ख्या पोटात जातात त्या दूर कुठेतरी टाकतो, तिथे पाणी ओसरल्यावर रोप येतं. आपल्याकडे पक्षी जे काम करतात ते तिथे मासेही करतात. आणि टँकमधला तो लाल-निळा चमकणारा कार्डिनल टेट्रा, तोही याच बुडलेल्या जंगलातला. बार्सेलोस गावाकडची माणसं लहान होड्यांतून जाऊन तो हातजाळीने पकडतात, कित्येक घरं त्यावर चालतात. जंगल राहिलं तरच मासा आणि मासा राहिला तरच त्यांची चूल.

म्हणून पाण्याचं हे वर-खाली होणं वेळेवर व्हायला लागतं, आणि त्याचीच मला काळजी वाटते. मनाऊस बंदरात १९०२ पासून पातळीची नोंद ठेवतात. जून २०२१ मध्ये तिथे ३०.०२ मीटर, तोवरचा सगळ्यात मोठा पूर. ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटर, तोवरची सगळ्यात कमी पातळी. फक्त दोन वर्षांचं अंतर! तरंगती घरं चिखलात बसली, होड्या अडकल्या, आणि जिथे नदी हाच रस्ता आहे तिथे प्यायचं पाणी आणि औषधंसुद्धा पोचेनात. शहराजवळच्या खडकांवर अंदाजे हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेले माणसांचे चेहरे आहेत, एरवी पाण्याखाली असतात, ते उघडे पडले. नंतर पाणी चढलं, चेहरे परत खाली गेले. आणि पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पातळी त्याहूनही खाली उतरली.