पैसा किती दिवस अडकला?

मंडळी, आजचा विषय पत्रिकेवर छापलाय, ‘फायनान्सचं शिक्षण आणि स्पेशलायझेशनची निवड’. तिथपर्यंत मी नक्की येणार आहे. पण वाटेत एक साखर कारखाना लागतो आणि आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीची एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, लागते. त्या दोन ठिकाणी थांबल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही, कारण माझं म्हणणं तिथेच दडलंय.

म्हणणं एका ओळीचं आहे. फायनान्सच्या प्रत्येक शाखेत शेवटी एकच प्रश्न असतो: पैसा किती दिवस अडकला, आणि तेवढे दिवस तो कुणाचा अडकला? हा प्रश्न ज्याच्या अंगात मुरला, त्याला शाखा निवडणं जड जात नाही. पण आपल्याकडे मुलं शाखा निवडतात ती पगाराचे आकडे ऐकून, नाहीतर मित्रानं क्लास लावला म्हणून. आणि अभ्यासक्रमात खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा) येतं ते आठ-दहा मार्कांचं गणित म्हणून. करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, काढा, दोनास एक आला की चांगला, पुढचा प्रश्न. त्या कंपनीला शनिवारी पगार वाटायला पैसे आहेत का, हे कुणी विचारत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे आणि आज ती जरा सविस्तर मांडणार आहे.

घरी ऊस आहे असे किती? हात वर करा. जवळजवळ अर्धं सभागृह. म्हणजे तुम्ही फायनान्सचं पहिलं सत्र घरातच पुरं केलंय. पहिली उचल किती, एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) एकरकमी की हप्त्यात, बिल कधी जमा होणार, यावर तुमच्या घरी जेवताना जे बोलणं होतं त्याला पुस्तकात ‘टाइम व्हॅल्यू ऑफ मनी’ म्हणतात.

आता आकडे लिहून घ्या. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी होती क्विंटलला ३४० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून एवढी साखर निघाली तर. म्हणजे टनाला ३,४००. आपल्याकडं उतारा जास्त पडतो, त्यामुळं दरही जास्त बसतो, पण हिशोब सोपा राहावा म्हणून मूळ आकडाच धरू. तोडणी-वाहतूक यातच आली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत हे पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. एक टन उसापासून साखर निघाली १०२.५ किलो. ती मात्र १४ दिवसांत विकता येत नाही. २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला प्रत्येक कारखान्याचा विक्रीचा कोटा ठरवून देतं. हंगाम चार-साडेचार महिन्यांचा, विक्री वर्षभर. ऊस एका दमात येतो आणि साखर थेंबाथेंबानं जाते.

मधली खिंड कोण भरतं? बँक. साखरेच्या पोत्यांवर मालतारण कर्ज, म्हणजे माल गहाण ठेवून घेतलेलं कर्ज. समजा बँकेनं साखरेचं मूल्यांकन क्विंटलला ३,६०० धरलं आणि दुरावा ठेवला १५ टक्के. ‘दुरावा’ हा शब्द लिहून घ्या, पुस्तकात ‘मार्जिन’ असतो. ३,६०० मधून ५४० गेले, उचल मिळाली ३,०६०. त्यातून बँक आधीच्या कर्जाचे हप्ते आणि प्रक्रिया खर्च बाजूला काढते. समजा ७५० काढले. उसासाठी उरले क्विंटलमागे २,३१०. टनाला साखर १.०२५ क्विंटल, म्हणजे टनामागं हातात आले सुमारे २,३६८ रुपये. द्यायचे आहेत ३,४००. तूट १,०३२.

पाच लाख टन गाळप असेल तर ही तूट ५१ कोटी ६० लाख होते. मोलॅसिस, बगॅस, इथेनॉल, वीज यांतून काही भरून निघते, पण तो पैसाही आपापल्या तारखेनंच येतो. या कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकात कदाचित नफा असेल. ताळेबंदात साखरेचा साठा चालू मालमत्तेत दिमाखात उभा असेल. करंट रेशो काढलात तर बरा येईल. आणि गेटवर मात्र शेतकरी बसलेले असतील. नफा आहे आणि पैसा नाही, हे ज्या विद्यार्थ्याला या एका उदाहरणातून कळलं, त्याला पुढचं निम्मं शास्त्र कळलं असं मी म्हणतो.

अजून दोन गोष्टी इथेच बघून घ्या. साखर वर्षभर सारखी विकली तर सरासरी सहा महिने पडून राहते. ३,०६० रुपयांवर १० टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज १५३ रुपये. किलोला दीड रुपया निव्वळ वाट बघण्याचा. दुसरी गोष्ट, बाजार पडला तर? मूल्यांकन ३,६०० चं ३,४०० झालं, तर ८५ टक्क्यांनी उचल बसते २,८९०. दिलेत ३,०६०. क्विंटलला १७० रुपयांचा दुरावा अपुरा पडला. बँक म्हणणार, आधी एवढे भरा, मग पोती सोडू. पैसे भरायला साखर विकायला हवी आणि साखर सोडवायला पैसे भरायला हवेत. कारखाने अडचणीत येतात त्यामागं ही गाठ पुष्कळदा असते.

आता याच जिल्ह्यात याच्या उलट चित्र बघा. गुऱ्हाळाचा गूळ. तीस किलोचे रवे मार्केट यार्डात जातात, सौदा निघतो, शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, मिळते. गूळ जातो गुजरातच्या व्यापाऱ्याकडं, आणि तो व्यापारी उधारीवर घेतो. मग मधले दिवस कुणाचे? आडत्याचे. अडत म्हणून तो जे घेतो त्यात वजनकाट्याची, हमालीची देखरेख आहेच, पण मोठा भाग त्यानं पेललेल्या दिवसांचा आहे. आडत्या हा मुळात बँकर आहे. १८९५ मध्ये राजर्षी शाहूंनी शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून या गावाला हा धंदा कळतो. आपण तो वर्गात आणत नाही, एवढंच.

फाउंड्रीकडं येतो. घड्याळ दिसतंय मला, पण ही सोडता येणार नाही, कारण तुमच्यातल्या अनेकांची पहिली नोकरी शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत असणार आहे.

वर्षाची विक्री १२ कोटी. वर्ष ३६० दिवसांचं धरा. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, भट्टीवरचा अर्धवट माल, तयार कास्टिंग असा सगळा साठा ४० दिवसांचा. रोजचा खर्च तीन लाख, म्हणून १ कोटी २० लाख. गिऱ्हाईक पैसे देतं ७५ दिवसांनी. रोजची विक्री ३ लाख ३३ हजार, म्हणून येणं अडीच कोटी. कच्च्या मालवाल्याला आपण ३० दिवसांनी देतो. रोजची खरेदी दोन लाख, म्हणून देणं ६० लाख. येणं अधिक साठा वजा देणं, ३ कोटी १० लाख. एवढा पैसा या धंद्यात कायमचा रुतलेला आहे. बँकेनं रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीनं विक्रीच्या २० टक्के सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) दिली तर २ कोटी ४० लाख. उरलेले ७० लाख मालकानं घरचे घालायचे.

आता गिऱ्हाइकानं ७५ च्या जागी ९० दिवस लावले. बाकी काही बदललं नाही. ऑर्डर तीच, नफा तोच. येणं झालं तीन कोटी, म्हणजे गरज ५० लाखांनी वाढली. बँकेकडं जायचं तर दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ती मर्यादा, ठरते. साठ्यातून देणं वजा करून ७५ टक्के, आणि ९० दिवसांच्या आतल्या येण्याचे ७५ टक्के, असं धरू. आधी ही रक्कम होती २ कोटी ३२ लाख ५० हजार. आता तीन कोटींपैकी समजा ६० लाखांची बिलं ९० दिवसांपलीकडं गेली, ती बँक धरतच नाही. नवी ड्रॉइंग पॉवर २ कोटी २५ लाख. गरज ५० लाखांनी वाढली आणि उचल साडेसात लाखांनी घटली! दोन्हीकडून आवळलं. मग व्याज थकतं, खातं ३० दिवसांनंतर एसएमए-एक या धोक्याच्या यादीत, ६० नंतर एसएमए-दोन मध्ये, ९० नंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. चांगला चालणारा कारखाना असा आजारी पडतो.

यावर कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. पण लहान पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. म्हणून ट्रेड्सचा, म्हणजे बिलं वटवायच्या ऑनलाइन बाजाराचा, मार्ग माहीत हवा. बिल प्लॅटफॉर्मवर टाकायचं, गिऱ्हाइकानं ते मान्य करायचं, बँका बोली लावतात, पैसे लगेच मिळतात, आणि मुदतीला बँक गिऱ्हाइकाकडून वसूल करते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या कारखान्यात नोकरीला लागलात तर पहिल्याच महिन्यात हे सुचवा. तुमच्या पदवीचा तिथं उपयोग होईल.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. तर आता मूळ विषय.

शाखांकडं दिवसांच्या पट्टीनं बघा. ट्रेझरीत प्रश्न आजचा आणि उद्याचा असतो, आज संध्याकाळी कमी पडलेले पैसे कुठून आणायचे. बँकेतल्या कर्जतपासणीत तो ९० दिवसांपासून सात-दहा वर्षांचा. ऑडिट आणि कर हे सरलेल्या वर्षाकडं बघतात. शेअर संशोधन पुढच्या तीन-पाच-दहा वर्षांकडं. प्रकल्प कर्जं त्याहून लांब. राजर्षींच्या काळात हाती घेतलेलं राधानगरी धरण पुरं झालं ते थेट स्वातंत्र्यानंतर, पैसा आणि काळ यांचं नातं समजायला याहून मोठं उदाहरण आपल्याला नको. आणि विमागणितात (ॲक्च्युरिअल सायन्स) चाळीस-पन्नास वर्षं. तुम्हाला उत्तर त्याच दिवशी हवं असतं, की दहा वर्षं थांबायची तयारी आहे? झालेलं तपासण्यात मन रमतं की होणारं ताडण्यात? या दोन प्रश्नांनी निम्म्या शाखा गळून पडतात.

परीक्षांबद्दल भराभर सांगतो. सीए: फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल, नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी, दोन वर्षांची. फर्म निवडताना स्टायपेंडपेक्षा काम विचारा. बँकेचं स्टॉक ऑडिट, सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आकडे), जीएसटी जुळवणी करायला मिळणार असेल तर तिथं जा. फक्त रिटर्न भरायला बसवणार असतील तर दोन वर्षं वाया. सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा: तीन लेव्हल, शिवाय किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव, त्याशिवाय चार्टर मिळत नाही. शुल्क डॉलरमध्ये, म्हणून नापास होणं महाग पडतं. शेअर संशोधन किंवा फंड व्यवस्थापनात खरंच जायचं असेल तरच. आर्टिकलशिप आणि सीएफए एकत्र धरलं की बहुधा दोन्ही लांबतात. जोखीम व्यवस्थापनाला एफआरएम, दोन भाग आणि दोन वर्षांचा अनुभव. गणित पक्कं असेल तर विमागणित. सुरुवात एसेट या प्रवेश परीक्षेनं, आणि ती बारावीनंतरही देता येते, हे घरी धाकटा भाऊ-बहीण असेल तर सांगा. शेअर संशोधन हे काम कसं असतं ते कमी खर्चात चाचपायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज पंधरा ही परीक्षा द्या. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. बँकेत लागलात तर जेएआयआयबी, मग सीएआयआयबी, या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा.

आणि शाखा ठरवण्याआधी हे करा. उत्पादन करणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी घ्या, तिचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. आधी रोख प्रवाह पत्रक वाचा, नफा-तोटा नंतर. साठ्याचे दिवस, येण्याचे दिवस, देण्याचे दिवस तिन्ही वर्षांचे एक्सेलमध्ये स्वतः काढा. टिपांमध्ये येण्याची वयोगटवार यादी असते, सहा महिन्यांवरची उधारी वाढतेय का बघा. दिवस का बदलले याचं कारण दोन पानांत मराठीत लिहा. आकडे जुळवताना मजा आली तर ऑडिट, कारण शोधताना आली तर कर्ज किंवा संशोधन, पुढच्या वर्षीचे दिवस सांगावेसे वाटले तर जोखीम. हे करायला दोन आठवडे लागतात. चुकीच्या क्लासची फी आणि दोन वर्षं वाचतात.

आता प्रश्न घेऊ. पण ज्यांनी मघाशी हात वर केला, त्यांच्यासाठी एक काम: घरचं गेल्या हंगामाचं उसाचं बिल काढा. ऊस काट्यावर गेल्याची तारीख आणि पासबुकात पैसे जमा झाल्याची तारीख, दोन्ही शेजारी लिहा आणि मधले दिवस मोजा. चौदापेक्षा जास्त आले तर वरच्या दिवसांचं १५ टक्क्यांनी व्याज काढा, बिलावर ते मिळालंय का बघा, आणि तो आकडा वडिलांना दाखवा.