मालक हटाव, मुक्काम इंदूर

(दृश्य: सुदामानगरमधल्या एका घराची गच्ची. खालच्या रस्त्यावर हॉर्न, फटाके, तिरंगे.)

ठराव एका ओळीचा आहे. आजची मॅच बघायची नाही.

तारीख 9 मार्च 2025, रविवार. रात्रीचे दहा वाजत आलेत. तिकडे दुबईत न्यूझीलंडला हरवून भारताने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली आहे, आणि क्रिकेटचा कप आला की इंदूरकर घरात थांबत नाही, गाडी काढतो आणि शहराच्या मधला राजवाडा चौक गाठतो. गच्चीवरच्या या खोलीतली मंडळी मात्र वेगळ्याच पेचात आहेत. दहा वाजता इंग्लंडमधल्या फुटबॉलची मॅच, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. मँचेस्टरमध्ये युनायटेडचेच हजारो समर्थक काळे कपडे घालून, क्लबच्या मालकांविरुद्ध घोषणा देत स्टेडियमवर पोचलेत. आता इंदूरच्या माणसाने त्या मोर्चात सामील व्हायचं, तर नेमकं करायचं काय?

नावं नकोत, असं सगळ्यांनीच सांगितलं. त्यामुळे घरात हाक मारतात तशीच ओळख करून घेऊ. काका बँकेतून निवृत्त झालेत. मॅच दिसते त्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन त्यांच्या नावावर आहे आणि पासवर्ड चार घरांत. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, ठराव त्याचा. ताई शाळेत गणित शिकवतात. शेजारच्या दादांचं औषधांचं दुकान. आणि दाराजवळच्या खुर्चीत आजोबा. फुटबॉलशी त्यांना काही देणंघेणं नाही, क्रिकेट संपलं तरी खाली जायचा कंटाळा आला म्हणून बसलेत.

(दृश्य: भिंतीवर लाल जर्सी. कॅमेरा जवळ जातो, छातीवरचं बोधचिन्ह किंचित तिरकं शिवलेलं.)

आधी भांडण कशाचं आहे ते बघू. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना विकत घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं. घोडा घ्यायला काढलेलं कर्ज घोड्यानेच टांगा ओढून फेडायचं, असा हा व्यवहार. त्याआधी या क्लबवर सांगण्यासारखं कर्ज नव्हतं. पुढे व्याज, परतफेड आणि मालकांचा लाभांश मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम बाहेर गेली. 2024 च्या सुरुवातीला ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं. मग काटकसर सुरू झाली. शेकडो नोकऱ्या गेल्या. हंगाम अर्ध्यावर असताना उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंडांना झाली, मुलांना आणि वृद्धांना सवलत नाही. कर्मचाऱ्यांचं फुकटचं दुपारचं जेवणही बंद झालं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या, म्हणजे क्लबच्या स्टेडियमवरच्या, लोकांना त्याऐवजी फळं मिळू लागली.

इथे आजोबा पहिल्यांदा बोलतात. “कँटीनवर हात घातला? मग मालकाकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.”

आजोबा इथल्या हुकूमचंद कापड मिलमध्ये होते.

पुतण्याचं म्हणणं सरळ आहे. स्टेडियममधले लोक तिकीट नाकारू शकतात, आपण मॅच नाकारू. ताई विचारतात, “पैसे तर काकांनी वर्षाचे आधीच भरलेत. आज टीव्ही बंद ठेवून कोणाचं काय कमी होणार?” पुतण्या म्हणतो, ॲपवाल्यांना आकडे दिसतात, किती जण बघतायत ते. “भिया,” दादा म्हणतात, “आज अख्खं इंदूर राजवाड्यावर आहे. तू टीव्ही बंद केलास हे कळणार कसं, की तूपण तिकडेच नाचतोयस?”

हसू येतं, पण दादांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलंय. जो माणूस असाही आलाच नसता, त्याच्या न येण्याने कोणाला फरक पडत नाही. ताई दाखला देतात: 2016 च्या फेब्रुवारीत युनायटेडच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचं, लिव्हरपूलचं, सर्वांत महाग तिकीट 77 पौंड होणार असं जाहीर झालं. संडरलंडविरुद्धच्या मॅचमध्ये 77 वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं उठून चालायला लागली. लिव्हरपूल तेव्हा 2-0 ने पुढे होतं. मॅच 2-2 अशी सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. खुर्च्या भरलेल्या होत्या आणि जगासमोर रिकाम्या झाल्या, म्हणून ते लागलं. (युनायटेडच्या खोलीत लिव्हरपूलचा दाखला देताना ताईंचा आवाज जरा खाली आला, हे नोंदवलं पाहिजे.)

काकांना हे सगळं पोरकट वाटतं. त्यांना 2010 आठवतं. तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर लालऐवजी हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले होते. 1878 मध्ये रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने हा क्लब काढला, तेव्हाचे ते रंग. त्या मार्चमध्ये इटलीच्या एसी मिलान क्लबकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेही, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, मॅच संपल्यावर तसा मफलर गळ्यात घातला. फोटो जगभर गेला. “आणि मालक?” काका विचारतात. मालक जागचे हलले नाहीत. संघ 2011 ला लीग जिंकला, 2013 ला जिंकला, मफलर कपाटात गेले.

यावर ताई जे विचारतात, ते या खोलीत कोणाला आवडत नाही. “म्हणजे जिंकत असतो तर आज काळे कपडे घातले असते का आपण?”

कोणी उत्तर देत नाही. माझ्या मते उत्तर ‘नाही’ असंच आहे. 2005 मध्ये, संघ अजून बलाढ्य असताना, काही जणांनी आपलं प्रेमच उचलून दुसरीकडे नेलं. त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला, एका सभासदाला एक मत. तो आज इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवर खेळतो. पुतण्याला हे माहीत आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. पण सातव्या पायरीची मॅच सुदामानगरात दिसत नाही. मँचेस्टरच्या माणसाला बंड करून दुसऱ्या मैदानावर जाता येतं. इंदूरच्या माणसाचं मैदान म्हणजे टीव्ही, आणि टीव्हीवर काय दिसेल ते तो ठरवत नाही.

(दृश्य: टीव्ही सुरू झालाय, आवाज बंद. दहा वाजले.)

टीव्ही कोणी लावला, यावर अजून एकमत नाही.

आवाज बंद ठेवूनच वाद पुढे सरकतो, आणि इथे तो खरा रंगतो. दादा 2 मे 2021 काढतात. युरोपियन सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या लीगची, घोषणा होऊन ती दोन-तीन दिवसांत कोसळली होती, त्यानंतरचा दुसरा रविवार. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, म्हणजे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. विकलं जात होतं ते फक्त प्रक्षेपण. समर्थक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. त्याच महिन्यात सरावाच्या कपड्यांवर नाव छापणार असलेल्या एका ब्रिटिश कंपनीने दहा वर्षांच्या करारातून अंग काढून घेतलं. करार सुमारे वीस कोटी पौंडांचा होता, आणि समर्थकांच्या बहिष्काराची धास्ती हे कारण तेव्हाच्या बातम्यांत सांगितलं गेलं.

“म्हणजे तिकीटवाल्यांपेक्षा जाहिरातवाल्यांना पकडा,” काका म्हणतात. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस आहे, पैसा कुठून येतो हे आधी बघतो. आणि हिशोब त्यांच्या बाजूने आहे. 2022 ते 2025 च्या करारांत प्रीमियर लीगला, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगला, परदेशी प्रक्षेपणातून मिळणारी रक्कम पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या रकमेच्या पुढे गेली. कंपन्या युनायटेडच्या बोर्डावर नाव लावतात ते मँचेस्टरमधल्या लोकांसाठी थोडंच? भारतातल्या अपोलो टायर्सने 2013 मध्ये या क्लबशी करार केला, तो आपल्यासारख्या बघणाऱ्यांच्या भरवशावरच.

“माझ्या स्कूटीचे टायर बदलायचेच आहेत,” ताई म्हणतात. आता हसणं आवरत नाही.

पण मला काकांचं म्हणणं पटतं. इंदूरच्या समर्थकाने कधी तिकीट काढलं नाही. जर्सी घेतली ती फुटपाथवरची, म्हणजे तिचा एक पैसाही ग्लेझरांपर्यंत गेला नाही. त्याच्याकडे नाकारण्यासारखं काही असेल तर ते ग्राहक म्हणून, आणि तेही त्या कंपन्यांना, ज्यांचं गिऱ्हाईक तो खरोखर आहे.

हे आपल्याकडेही घडलंय. कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या नावापुढे 2020 मध्ये ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबचं नाव जोडलं गेलं, आणि समर्थकांनी ते काढा म्हणून जवळजवळ तीन वर्षं धोशा लावला. मार्च 2023 मध्ये संघ आयएसएल ही भारतातली फुटबॉल लीग जिंकला, त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी ‘एटीके’ जाणार असं जाहीर केलं. पुतण्या लगेच म्हणतो, “बघा, जिंकत असतानाही भांडत होते ते.” ताई मान डोलावतात. हा गुण पुतण्याचा.

“किती वर्षं म्हणालास?” आजोबा विचारतात.

“तीन, आजोबा.”

“तीन!” आजोबा म्हणतात आणि पाय लांब करतात.

हुकूमचंद मिलला 1991 च्या डिसेंबरात टाळं लागलं. थकलेली देणी म्हणून 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 ला. हक्कदार 4,800 हून अधिक, आणि कितीतरी घरांत पैसे घ्यायला विधवा किंवा मुलं आली. आजोबा त्या 32 वर्षांबद्दल फार बोलत नाहीत. कॅमेरा बंद करायला सांगितलं नाही, तरी बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की कामगारांच्या सभेला माणसं कमी व्हायला लागली, तेव्हा जो हजेरीची वही सांभाळायचा त्याच्यामुळे सभा टिकली. घोषणा काय, कोणीही देतं.

(दृश्य: टीव्हीवर फ्री किक. युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसचा गोल. खोलीतले सगळे उभे. आवाज कधी सुरू झाला कळत नाही.)

मध्यंतराच्या तोंडावर ब्रुनोने गोल केला आणि ठराव तिथेच बारगळला. उत्तरार्धात आर्सेनलच्या डेक्लन राईसने बरोबरी साधली, मॅच 1-1. दोनच दिवसांनी क्लबने एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर केला. त्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हा वाद खोलीत लगेच सुरू झाला.

त्या रात्री ठरलं ते असं. मॅच बघायची. खरी जर्सी कोणी घेणार नाही, याला विरोध झाला नाही, कारण घेणारं कोणी नव्हतंच. काळ्या कपड्यांतला फोटो काढला, त्यात दादांचा शर्ट गडद निळा निघाला. आणि एका प्रायोजकाच्या ग्राहक सेवेला ईमेल गेला. मसुदा ताईंचा, सही सगळ्यांची.

उत्तर मिनिटभरात आलं, आपोआप येतं तसं. आपली विनंती मिळाली, खाली क्रमांक दिला आहे. पुतण्याला वाटलं, संपलं. काकांनी ड्रॉवरमधून एक जुनी डायरी काढली, तारीख घातली, क्रमांक उतरवला आणि खाली लिहिलं: पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. मग डायरी आजोबांकडे दिली, हजेरी मांडायला.