सेंटर हाफकडे गोल मागू नका

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘अजितपालसिंग आणि हॉकीतली मधली फळी’ असा छापलाय. त्यावर येतोच. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही दिसतंय. पण आधी एक गाऱ्हाणं.

१९७५, क्वालालंपूर. आपण जिंकलेला एकमेव वर्ल्ड कप. सेमीफायनल यजमान मलेशियाशी. आपण १-२ नं मागे, सामना हातातून चाललेला. मॅनेजर बलबीरसिंग (तेच, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांवाले) बाकावरून एका पोराला उठवतात. भोपाळचा अस्लम शेर खान. वडील १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात होते. आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. अस्लम गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतो आणि गोल! बरोबरी. मग जादा वेळेत हरचरणसिंगचा गोल, ३-२. फायनलला समोर पाकिस्तान. पहिला गोल त्यांचा, मग सुरजितसिंगनं बरोबरी केली, मग अशोककुमार. ध्यानचंदांचे चिरंजीव. चेंडू खांबाला लागून बाहेर आला, पाकिस्ताननं हरकत घेतली, पण गोल दिला गेला. २-१.

बघा, मलाही ताविजाचाच मोह पडला! आता सांगा, एवढ्या गोष्टीत कप्तानाचं नाव आलं का? नाही आलं. कप्तान होते अजितपाल, सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत मधोमध खेळणारे. ताविजाला जागा आहे, गोलाच्या खांबाला जागा आहे, कप्तानाला नाही. आपल्या महाराष्ट्रातही तेच. हॉकी म्हटलं की खडकी, खडकी म्हटलं की धनराज पिल्ले, आणि धनराज फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. (हसू नका, पुण्याची मंडळी बसली आहेत.) आमच्या कॉलेजात तर ज्याला फटका जमत नाही त्याला हाफला उभं करायचे. मी हाफला होतो. असो.

अजितपाल जालंधरजवळच्या संसारपूरचे, जन्म १९४७. गाव टीचभर, पण तिथून चौदा ऑलिंपियन निघाल्याचं सांगतात. १९७१ला त्यांच्या कप्तानपदाखाली ब्राँझ, १९७३ला रौप्य (तेव्हा कप्तान एम. पी. गणेश), १९७५ला पुन्हा कप्तान आणि सुवर्ण. पहिल्या तिन्ही वर्ल्ड कपांत पदक. शिवाय मेक्सिको आणि म्युनिक ऑलिंपिकची ब्राँझ.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. जुन्या रचनेत पुढे पाच, मागे दोन, मध्ये तीन हाफ, आणि त्यांच्या मधोमध सेंटर हाफ. पंगतीतल्या वाढप्यासारखं काम, कुणाचं पान रिकामं आहे ते त्यानं न विचारता ओळखायचं. अजितपाल धावपळ फार करत नसत. गवतावर चेंडू उड्या मारत येतो. तो येण्याआधीच मान वर करून पुढच्या पाचांतला उजवा आउट कुठे, लेफ्ट इन कुठे हे बघून ठेवायचं, मग गुडघे वाकवून स्टिक खाली, चेंडू मेलेला, आणि लगेच पास. हा ‘लगेच’ म्हणजे सगळी कला. गोल होतो त्याच्या दोन पास आधी ती घडून गेलेली असते, म्हणून स्कोअरशीटवर ती येत नाही.

१९७६ला माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली. कप्तान अजितपालच. ऑस्ट्रेलियानं गटात आपल्याला ६-१ नं झोडपलं, आपण सातवे. १९२८पासून पहिल्यांदाच ऑलिंपिकहून रिकाम्या हातानं आलो. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगानं येतो, तो थांबवून शांत करायला सवडच नाही. पुढे ऑफसाइडचा नियमही (प्रतिस्पर्ध्यांच्या मागे उभं राहून चेंडू घेण्यावरची बंदी) गेला, खेळ मैदानभर पसरला, एकट्या सेंटर हाफचं काम तिघा-चौघांत वाटलं गेलं. आता त्यांना मिडफिल्डर म्हणतात आणि ते दोन्ही टोकांना पळतात. अजितपाल आज खेळले असते तर? खेळले असते, पण दर काही मिनिटांनी बदली होऊन बाकावर बसले असते!

हो, हो, संपवतो. टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. कप्तान मनप्रीतसिंग, मिडफिल्डर. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र गोलकीपर श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसलेला फोटो आला असणार. माझ्याही!