खाता येणारं वेष्टन आणि मुंबईचा जुलै

मंडळी, दूध तापवून ठेवलं की वर साय धरते. तिच्यात स्निग्धांश असतो हे घरोघरी ठाऊक आहे. पण तो पापुद्रा एकसंध ठेवायला प्रथिनं लागतात. चीन-जपानमध्ये सोयादुधावरची अशीच साय उचलून वाळवतात आणि खातात. जपानीत तिला युबा म्हणतात. म्हणजे प्रथिनांची फिल्म काही प्रयोगशाळेत जन्माला आलेली नाही. तिच्यात अन्न गुंडाळलं तर ते टिकेल का, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेतला.

आज मी मुख्यतः व्हे प्रथिनांबद्दल बोलतो, म्हणजे चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांबद्दल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत जॉन क्रोक्टा यांच्या गटानं १९९०च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. कृती सोपी वाटते. प्रथिनांचं साधारण १० टक्क्यांचं द्रावण ९० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवायचं, गार झालं की ग्लिसरॉल (खाद्यपदार्थांत चालणारा दाट, गोडसर द्रव) मिसळायचं, सपाट पृष्ठभागावर पातळ ओतायचं आणि वाळू द्यायचं. तापवायचं कशाला? या प्रथिनांतलं मुख्य म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. उष्णतेनं त्याच्या रेणूची घडी उलगडते, आत दडलेला गंधकाचा गट मोकळा होतो आणि शेजारच्या रेणूशी पक्का बंध बांधतो. न तापवता केलेली फिल्म पाण्यात विरघळून जाते. तापवलेली फुगते, पण अखंड राहते.

ग्लिसरॉल नसेल तर ही फिल्म हाताळतानाच तडकते. ते प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची आपसातली पकड सैल करतं, म्हणून लवचीकपणा येतो. पण पकड सैल झाली की वायू आणि बाष्पही जास्त सुटतात. या क्षेत्रात प्रत्येक सुधारणेची अशी किंमत मोजावी लागते. ग्लिसरॉलऐवजी सॉर्बिटॉल वापरलं तर प्राणवायू कमी झिरपतो, मात्र फिल्म तेवढी वाकत नाही.

प्राणवायू अडवण्यात या फिल्म खरोखर वाकबगार आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यात पेगी टोमासुला यांच्या चमूनं केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) आणि पेक्टिन (फळांतला, जॅम घट्ट करणारा पदार्थ) यांची फिल्म केली. २०१६ साली ती मांडताना, प्राणवायू अडवण्यात ती प्लास्टिकपेक्षा ५०० पटींपर्यंत सरस असल्याचं सांगितलं गेलं. बातम्यांचे मथळे झळकले. पण पॉलिथिनला प्राणवायू अडवणं मुळात जमतच नाही, त्याचं काम पाणी अडवण्याचं. प्रथिनांचं बरोबर उलटं. त्यांना पाण्याचं भारी प्रेम. प्रयोगशाळेतली मोजमापं बहुधा ५० टक्के आर्द्रतेला होतात, आणि मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. तिथे फिल्म ओलावा पिते, मऊ पडते आणि प्राणवायूलाही वाट देते.

यावर उपाय काय? मधमाश्यांचं मेण मिसळणं हा जुना आणि चांगला उपाय. मेणाचे थेंब जितके बारीक, तितका बाष्पाला अडसर जास्त. मेणाचा वेगळा थर दिला तर अडसर आणखी वाढतो, पण तो थर तडकतो, सुटतो आणि तोंडात मेणचट लागतो. रेणू एकमेकांना जखडण्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड हे विषारी रसायन झकास चालतं. फक्त मग ‘खाता येणारं’ हा शब्द खोडावा लागतो! ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर (एन्झाइम) अन्नात चालतं, त्यानं मजबुती येते. बाष्प अडवण्यात मात्र त्यानं फारसा फरक पडत नाही.

माझं मत सरळ आहे. प्लास्टिकला पर्याय म्हणून ही फिल्म एकटी उभी करू नये. दुकानदाराच्या हातातून, टेम्पोतून, धुळीतून आलेलं बाहेरचं वेष्टन तुम्ही तरी खाल का? तिला कोरड्या जागी काम द्यावं. भाजलेल्या शेंगदाण्यांवर व्हेचा लेप दिला की ते खवट व्हायला जास्त दिवस लागतात, हे क्रोक्टांच्या गटानं दाखवलं आहे. दुसरी जागा म्हणजे प्लास्टिकच्या दोन थरांच्या मध्ये. ‘व्हेलेयर’ या युरोपीय प्रकल्पानं हेच केलं: प्राणवायू अडवणाऱ्या महागड्या प्लास्टिकच्या जागी व्हेचा थर दिला. विकरं असलेल्या द्रावणात तो थर सुटतो, त्यामुळे बाकीचं प्लास्टिक वेगळं करून पुन्हा वापरता येतं. मला हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत शहाणा वापर वाटतो, जरी त्यात कुणी काही खात नसलं तरी. लेप खायचा असेल तर पाकिटावर दुधाचा उल्लेख हवाच, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते.

शेवटी, चक्क्याचं किंवा पनीरचं पाणी वापरता येईल का, असं मला नेहमी विचारतात. उत्तर निराशाजनक आहे. दोन्हींसाठी दूध चांगलं कडक तापवतात. तेव्हाच व्हे प्रथिनं केसीनला चिकटतात आणि चक्क्यात किंवा पनीरमध्येच राहतात. उरलेल्या पाण्यात मुख्यतः दुग्धशर्करा आणि क्षार असतात. चीजसाठी दूध इतकं तापवत नाहीत, म्हणून चीजचं पाणी चालतं. त्यातही प्रथिनं एक टक्क्याहून कमी, तेव्हा बारीक गाळणीच्या पडद्यांची यंत्रणा हवी. लहान डेअरीला ती परवडणार नाही. लातूरकडच्या मंडळींनी त्यापेक्षा सोयाबीनच्या पेंडीकडे बघावं. तेल काढल्यावर तिच्यात जवळपास निम्मी प्रथिनं असतात, आणि तिची फिल्मही होते. पाण्याची हाव तिलाही तेवढीच आहे.