कानातला आवाज आणि आवळलेला जबडा

नमस्कार श्रोतेहो. रात्री टीव्ही बंद होतो, सगळी निजानीज होते आणि काही जणांच्या कानात आवाज सुरू होतो. कुणाला बारीक शिट्टी, कुणाला किरकिर, कुणाला नुसतं घूंऽऽ. शेजारी झोपलेल्याला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हेही वर ऐकून घ्यावं लागतं. मी फिजिओथेरपीचं काम करते, आणि आधीच सांगते, हा आवाज खरा असतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात.

हे भाषण संपलं की रेडिओ बंद करून शांत खोलीत एक करून बघा. आपला आवाज नीट ऐका. मग दात क्षणभर आवळा आणि सोडा. खालचा जबडा पुढे काढा. मान सावकाश एका खांद्याकडे वळवा, मग दुसऱ्या. कपाळाला तळहात लावून डोकं हलकेच त्यावर रेटा. यातल्या कशानेही आवाज चढला, उतरला किंवा त्याचा सूर बदलला, तर तुमच्या आवाजाचा जबड्याशी आणि मानेशी काहीतरी संबंध आहे. मात्र त्या स्नायूंमुळेच आवाज सुरू झाला, असं एवढ्यावरून ठरत नाही.

कान आणि मान यांचा संबंध येतो कुठून? कानाकडून निघालेली नस मेंदूच्या बुंध्याशी जिथे पहिल्यांदा पोहोचते, त्याच ठाण्यावर जबड्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या नसांचेही निरोप येतात. ऐकू येणं थोडं कमी झालं, की तिथे या दुसऱ्या निरोपांना जास्त वजन येतं. बॉस्टनचे डॉक्टर रॉबर्ट लेव्हिन यांनी 1999 मध्ये ही कल्पना नीट मांडली आणि पुढच्या संशोधनातून तिला बळ मिळत गेलं. शिवाय जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा, तो सरकताना हाताला लागतो.

ब्लाउजवर आरीकाम करणारी एक ताई माझ्याकडे येत असे. दिवसभर मान फ्रेमवर वाकलेली, हनुवटी पुढे आलेली, दोरा तोडायचा तोही दातांनी. लग्नसराईत काम वाढलं की डाव्या कानातला आवाजही वाढायचा. मी तिला गालावर तळवे ठेवून दात आवळायला सांगितलं. डाव्या गालात सुपारीएवढी कडक गाठ वर आली आणि दात सोडल्यावरही पुरती बसली नाही. झोपेत ती दात खाते, हे घरच्यांनी नंतर सांगितलं.

तिला मी पहिली गोष्ट शिकवली ती जबडा मोकळा ठेवण्याची. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे, आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना. बाकी दिवसभर नाही. हे साधं वाटतं, पण सुरुवातीला विसरायलाच होतं. तिने फ्रेमच्या कडेला लाल दोरा बांधला होता, तो दिसला की जबडा सोडायचा.

संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला पंचा गालांवर आणि मानेवर ठेवा. मग तोंड किंचित उघडं ठेवून गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दोन बोटांनी सावकाश खाली उतरा. कानशिलांवर गोल फिरवा. गळ्याच्या बाजूला जिथे नाडी उडते, तिथे मात्र दाबू नका. मानेसाठी ताठ बसून हनुवटी सरळ मागे न्या, खाली पाडू नका, पाच आकडे मोजा, सोडा. नंतर कान खांद्याकडे झुकवा, पण खांदा वर उचलू नका. ताण जाणवावा, कळ नको. सुपारी किंवा च्युइंगम सतत चघळण्याची सवय असेल तर ती थांबवा. दात खाण्यासाठी दंतवैद्य रात्री घालायचं कवच बनवून देतात.

आणि कळकळीने सांगते, सलूनमध्ये मान कडाकड मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

याचा गुण किती येतो? बेल्जियममधल्या संशोधकांनी 2016 मध्ये मानेचं दुखणं आणि टिनिटस दोन्ही असलेल्या 38 जणांवर मानेची फिजिओथेरपी करून पाहिली. उपचार संपताच 53 टक्क्यांना चांगला फरक वाटला, सहा आठवड्यांनी तो 24 टक्क्यांत टिकून होता. म्हणून मी कुणालाही आवाज जाईलच असं सांगत नाही. त्या ताईचाही गेलेला नाही, उतरला आहे, आणि तिला झोप लागते. माझ्या मते एवढ्यासाठीही रोजची दहा मिनिटं द्यावीत.

पण व्यायामाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. कानात तेल घालत बसू नका. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी लांबवू नका. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, तर सर्दी असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत उपयोगी पडतात. नमस्कार.